लेकीसाठी बासरीचे गुरुजी असे सापडले

सांगलीत पेटी-तबल्याचे क्लास गल्लोगल्ली, पण लेकीला बासरी शिकवणारं कोणी मिळेना. मग मिरजेत सतारमेकर गल्ली गाठली. वाद्यं बनवणाऱ्यांना वाजवणारे ठाऊक असतातच! तंबोऱ्याचा भोपळा घासता घासता तिथल्या काकांनी भजनी मंडळात वाजवणाऱ्या एका बासरीवाल्यांचा पत्ता दिला.

गुरुजींनी आधी तिची बोटं बघितली. सफेद तीनची (म्हणजे पेटीच्या तिसऱ्या पांढऱ्या पट्टीच्या सुराची) लांब बासरी बाजूला ठेवून सफेद पाचची आखूड बासरी हातात दिली. लहान बोटांना तिची छिद्रं नीट झाकता येतात. सुरुवातीला सगळी छिद्रं मोकळी ठेवून नुसती फुंक, मग वरून एकेक बोट. शिक्षक निवडताना हेच बघा, घाईनं गाणं बसवून देतात की आधी फुंक पक्की करून घेतात. आणि शिकवणी समोरासमोरच लावा. ओठांचा कोन मोबाईलवर नीट दिसत नाही.