सेल्फ-ट्यूनिंग एफआय बॉक्स घेताय? आधी सेन्सर बघा

रबाळे एमआयडीसीत मी इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन आहे. ट्रान्समीटर (मोजलेलं माप कंट्रोलरला पाठवणारं यंत्र) चुकीचं दाखवायला लागला की कितीही भारी कंट्रोलर चुकीचाच व्हॉल्व्ह उघडतो, हे मी रोज बघतो. तरीही माझ्या २०१८ च्या रॉयल एनफिल्ड हिमालयनला सेल्फ-ट्यूनिंग एफआय बॉक्स, म्हणजे फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोलचं प्रमाण सेन्सर बघून स्वतः शिकणारा कंट्रोलर, बसवताना हीच गोष्ट माझ्या डोक्यातून निसटली. तुमचं तसं होऊ नये म्हणून हे सविस्तर लिहितोय.

सायलेन्सर आणि एअर फिल्टर कंपनीचेच असतील तर बॉक्स घेऊ नका. व्हॉल्व्ह क्लिअरन्स आणि प्लग बघून घ्या, बहुतेक वेळा तेवढ्यानेच काम होतं. फ्री-फ्लो सायलेन्सर लावल्यावर थ्रॉटल सोडला की फटफट होते, ट्रॅफिकमध्ये गाडी झटके मारते, तेव्हा विचार करा. आरटीओच्या नियमांचं भान असू द्या: आवाज आणि पीयूसी दोन्ही मर्यादेत बसायला हवेत, आणि गाडी वॉरंटीत असेल तर वॉरंटी जाऊ शकते.

दुकानात गेल्यावर एकच विचारा, "हा बॉक्स शिकतो कशावरून?" गाडीवर मूळचा असतो तो धुरातला ऑक्सिजन बघणारा नॅरोबँड ऑक्सिजन सेन्सर. तो साधारण ०.१ ते ०.९ व्होल्ट देतो. हवा आणि पेट्रोल १४.७ ला १ या प्रमाणाच्या आसपास असेल तेव्हाच त्याच्या सांगण्याला अर्थ. त्यापलीकडे मिश्रण लीन (पेट्रोल कमी) आहे की रिच (पेट्रोल जास्त) एवढंच तो सांगतो, किती ते नाही. चढावर थ्रॉटल पूर्ण पिळता तेव्हा इंजिनाला साधारण १३ ला १ लागतं, आणि नेमका तिथेच हा सेन्सर आंधळा. वाइडबँड सेन्सर खरा आकडा देतो.

बंगळूरच्या रेस डायनॅमिक्सचा फ्युएलएक्स गाडीच्या मूळ सेन्सरबरोबर काम करतो. वायरिंग न कापता कपलरवर बसतो, रोजच्या ठाणे-बेलापूर रोडसाठी मला हा प्रकार पुरेसा वाटतो. त्याच कंपनीचा पॉवरट्रॉनिक मॅपवर, म्हणजे कुठल्या थ्रॉटलला किती पेट्रोल या तक्त्यावर चालतो, त्यामुळे तो घ्यायचा तर चांगला ट्यूनर गाठीशी हवा. डायनोजेटच्या ऑटो ट्यून किटमध्ये वाइडबँड येतो. हार्लेसाठीचा थंडरमॅक्स तर मूळ ईसीएमच (इंजिनाचा कंट्रोलर) काढून त्याची जागा घेतो.

मूळ ईसीएम जागेवर ठेवणारा बॉक्स असेल तर आणखी एक गोष्ट विचारा. क्लोज्ड लूपमध्ये, म्हणजे सेन्सर बघून पेट्रोल ठरवताना, ईसीएम स्वतःच मिश्रण १४.७ कडे ओढत असतो. बॉक्सने पेट्रोल वाढवलं की ईसीएम ते कमी करणार. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, म्हणून बॉक्स ईसीएमकडे जाणारा सेन्सरचा सिग्नल सांभाळतो का, याचं उत्तर स्पष्ट मिळायला हवं.

वाइडबँडला १८ मि.मी. आट्यांचा बॉस (सेन्सर पिळून बसवायची रिंग) लागतो, तो बेंड पाइपवर (इंजिनातून सायलेन्सरकडे जाणारा पाइप) वेल्ड करून घ्यावा लागतो. सेन्सर आडव्यापेक्षा किमान १० अंश वर झुकलेला ठेवा, नाहीतर पाइपात साचलेलं पाणी त्यात शिरतं. इंजिन चालू असताना त्याचं हीटर बंद राहिलं तर काजळी धरून तो खराब होतो.

आता माझी चूक. बॉक्स बसवून आठवडा झाला तरी ॲव्हरेज घसरतच होतं. ऐरोलीच्या सिग्नलला उभा राहिलो की पेट्रोलचा वास यायचा. प्लग काढला तर टोकावर काळी, मऊ, बोटाला लागणारी काजळी. बॉक्स खराब निघाला असं समजून मी भांडायला निघालो होतो. आमचे वेल्डर मामा म्हणाले, "थांब रे, आधी फडकं आण." सकाळी थंड इंजिन चालू करून त्यांनी सायलेन्सरच्या तोंडावर जाड फडकं धरलं. सिलेंडर हेडपाशी, जिथे बेंड पाइप जोडतो, तिथून बारीक फुस-फुस ऐकू आली. तिथलं गॅस्केट खराब झालं होतं. त्या फटीतून दोन धमाक्यांच्या मधल्या क्षणी बाहेरची हवा आत ओढली जायची, सेन्सरला मिश्रण लीन वाटायचं आणि बॉक्स इमानाने पेट्रोल वाढवत राहायचा. गॅस्केट बदललं, शिकलेला मॅप पुसला, पुन्हा सुरुवात केली. म्हणून सांगतो, बॉक्सचे पैसे देण्याआधी ही फडक्याची तपासणी करून घ्या.

डिस्प्लेवर एएफआरऐवजी (हवा-पेट्रोलचं प्रमाण) लॅम्डा (ते प्रमाण योग्य प्रमाणाच्या किती पट आहे) बघायची सवय लावा. ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलचं योग्य प्रमाण साधारण १३.५ ला १ आहे, १४.७ नाही, लॅम्डा मात्र दोन्हींत १ च.

बॉक्सला शिकवण्यासाठी इंजिन पूर्ण गरम झाल्यावरच निघा. रविवारी पहाटे पाम बीच रोडवर एकाच थ्रॉटलला सलग चालवा, मॅपमधले हलक्या थ्रॉटलचे रकाने भरतात. मग घोडबंदरला गायमुखचा चढ वरच्या गिअरमध्ये, थ्रॉटल न सोडता. तीन हात नाक्याच्या ट्रॅफिकमध्ये उरलेले रकाने आपोआप भरतात. दोनेकशे किलोमीटरनंतर प्लग काढा. टोकाचं पोर्सेलिन फिकट तपकिरी दिसलं, तर शिकणं बंद करून मॅप सेव्ह करा.