डार्क इलेक्ट्रॉनिक गाण्यांचा रीमिक्स आणि अकूस्टिक अल्बम एकट्याने कसा करावा

डार्कवेव्ह, इंडस्ट्रियल किंवा ईबीएम (इलेक्ट्रॉनिक बॉडी म्युझिक) या अंधाऱ्या, यंत्रप्रधान वळणाचे संगीत एकट्याने करणाऱ्या कलाकाराचा एक अल्बम बाहेर पडला की काही काळाने त्याच गाण्यांचा जोडअल्बम काढण्याचा विचार मनात येतो. त्याच्या अर्ध्या भागात इतर संगीतकारांनी केलेले रीमिक्स, म्हणजे त्याच ध्वनिमुद्रणांची नवी मांडणी, असतात, तर अर्ध्या भागात तीच गाणी पियानो किंवा गिटारवर, जवळजवळ उघड्या आवाजात गायलेली असतात. बहुतेक जण आधी रीमिक्ससाठी फायली पाठवतात आणि त्या परत येईपर्यंत अकूस्टिक गाणी उरकून घेतात. माझ्या मते हा क्रम उलटा असावा. एका वाद्यावर गाणे वाजवून पाहिल्याशिवाय त्यात चाल किती आहे आणि नुसता आवाजाचा दबदबा किती आहे हे कळत नाही, आणि जे गाणे त्या परीक्षेत टिकते तेच रीमिक्स करणाऱ्यालाही हाताशी काहीतरी देते.

गाण्यांची निवड

संगणकावरील गाण्याचा मूळ प्रोजेक्ट उघडू नये. संगणक बंद ठेवून पियानो किंवा गिटार घ्यावी आणि गाणे आठवेल तसे म्हणावे. जे आठवत नाही ते बहुधा चालीचा भाग नसून ध्वनिरचनेचा भाग असते. नऊ-दहा गाण्यांपैकी चार-पाच गाणी अशी सहज उभी राहतात, दोन-तीन रेटून उभी करता येतात आणि उरलेली कोसळतात. कोसळणारी गाणी वाईट असतात असे नाही. एकाच स्वरावर साडेतीन मिनिटे चालणारे, केवळ किक (ड्रमचा खालचा ठोका) आणि विकृत केलेल्या सिंथच्या (सिंथेसायझरच्या) जोरावर पुढे सरकणारे गाणे नृत्यासाठी उत्तमच असते. अशा गाण्यावर रीमिक्स करणाऱ्याला आपली स्वतःची चाल बसवावी लागेल, हे मात्र त्याला आधीच सांगावे.

सिंथचे काम लाकडी वाद्याकडून करून घेणे

मूळ गाण्यातील प्रत्येक थर एकेका वाद्यावर उतरवण्याचा मोह टाळावा. प्रत्येक ठोक्यात चार स्वर फिरवणारा आर्पेजिएटर (धरलेले स्वर आपोआप एकामागोमाग वाजवणारी सोय) गिटारवर जसाच्या तसा वाजवला की तो बोटांचा व्यायाम वाटतो. त्यातून प्रत्येक ठोक्यावर पडणारा सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा असे दोनच स्वर उचलावेत; मधले स्वर ऐकणाऱ्याचा कान भरून काढतो. गाणे १३० बीपीएमचे (मिनिटाला १३० ठोक्यांचे) असेल तर ते ६५ वर म्हणून पाहावे. शब्दांना जागा मिळते आणि कित्येकदा गाण्याचा अर्थच बदलतो.

खर्जाचा प्रश्न वेगळा आहे. सिंथचा सब-बेस, म्हणजे सर्वांत खालचा खर्ज, बहुधा ४० ते ६० हर्ट्झच्या पट्ट्यात असतो, आणि नेहमीप्रमाणे सुरात लावलेल्या गिटारची सर्वांत खालची तार सुमारे ८२ हर्ट्झवर वाजते. ती एक स्वर उतरवली तरी ७३ हर्ट्झपर्यंतच पोचते. म्हणजे मूळ गाण्यात छातीत जाणवणारा भाग गिटारवर मिळणारच नाही, आणि नंतर इक्वलायझरने तो फुगवून आणू नये, कारण जे वाजलेलेच नाही ते वाढवता येत नाही. तेवढे वजन खरोखर हवे असेल तर ते काम पियानोच्या डाव्या हाताला द्यावे. लांब पॅडच्या (सिंथवर धरून ठेवलेल्या पार्श्वस्वरांच्या) जागी हार्मोनियमवर धरलेले दोन स्वर पुरेसे होतात.

फिल्टर हळूहळू उघडत नेण्याची, म्हणजे अंधुक आवाज थोडाथोडा धारदार करत नेण्याची, युक्ती या संगीतात सतत वापरली जाते, आणि ती हातानेही साधता येते. गिटारची तार मानेच्या बाजूला छेडली की आवाज गोल आणि अंधुक येतो, तर ब्रिजजवळ (तारा वाद्याच्या पोटावर जेथे टेकतात तेथे) छेडली की तोच स्वर पातळ, धारदार होतो. कडव्याच्या सुरुवातीला हात मानेकडे ठेवून मुखड्यापर्यंत तो इंचाइंचाने ब्रिजकडे सरकवत नेला, तर ऐकणाऱ्याला कारण कळत नाही, पण ताण वाढत गेलेला नक्की जाणवतो. उभ्या पियानोत तारा आणि हातोड्या यांच्यामध्ये पातळ फेल्टची पट्टी आणली की असाच अंधुक आवाज मिळतो. या जातीच्या गाण्यांना तो इतका शोभतो की तो सगळ्याच गाण्यांना वापरण्याचा धोका असतो. दोन गाण्यांपुरता ठेवावा.

आवाजाचे ध्वनिमुद्रण

मूळ गाण्यात आवाज दुहेरी गायलेला, विकृत केलेला आणि रिव्हर्बमध्ये (कृत्रिम घुमाऱ्यात) बुडवलेला असतो, त्यामुळे सूर किंचित हलला तरी खपून जाते. येथे काहीच खपत नाही. म्हणून स्वरपट्टी पुन्हा ठरवावी. ओरडून म्हटलेल्या गाण्याला एक-दोन स्वर खाली आणले तर तेच शब्द बोलल्यासारखे म्हणता येतात. मायक्रोफोन तोंडापासून १५ ते २० सेंटिमीटरवर, मध्ये पॉप फिल्टर (तोंडाची फुंकर अडवणारी जाळी) लावून ठेवावा. गिटारसाठी तो बाराव्या पडद्याच्या समोर २० ते ३० सेंटिमीटरवर असावा. वाद्याच्या भोकासमोर धरल्यास खालचा भाग गुरगुरतो. ध्वनिमुद्रण २४ बिटमध्ये करावे आणि सर्वांत मोठा आवाजही उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नये. पंखा आणि फ्रिज बंद करावेत, आणि काम संपल्यावर फ्रिज पुन्हा चालू करण्याची आठवण कागदावर लिहून ठेवावी.

क्लिक ट्रॅक (कानात वाजणारा यंत्राचा ठोका) शक्यतो वापरू नये. यंत्राच्या ठोक्याची सवय झालेल्या कलाकाराला ते जड जाते, पण आवाज आणि वाद्य एकत्र मुद्रित केल्यास लय श्वासाबरोबर मागेपुढे होते, आणि मूळ अल्बमात नेमके तेच नसते.

रीमिक्ससाठी स्टेम तयार करणे

स्टेम म्हणजे गाण्यातील एकेका वाद्याची किंवा आवाजाची सुटी फाईल. येथे सर्वाधिक काळजी लागते, कारण येथील चूक दुसऱ्याच्या संगणकावर उघडकीला येते. नाइन इंच नेल्स या इंडस्ट्रियल बँडच्या ट्रेंट रेझनर यांनी २००५ मध्ये ‘द हँड दॅट फीड्स’ या गाण्याचे सुटे ट्रॅक श्रोत्यांसाठी खुले केले, तेव्हा कोणालाही ते गाणे आपल्या संगणकावर उलगडून पाहता आले. आपल्या चार-पाच निमंत्रितांनाही तितक्याच सहज काम सुरू करता आले पाहिजे.

प्रत्येक स्टेम गाण्याच्या शून्य सेकंदापासून बाउन्स करावा (फाईल म्हणून बाहेर काढावा), मग ते वाद्य तिसऱ्या मिनिटाला येत असले तरीही. फाईल २४ बिट वेव्ह स्वरूपात, मूळ सॅम्पल रेटवरच असावी. मास्टर चॅनलवरील (सगळे आवाज जेथे एकत्र येतात तेथील) लिमिटर, म्हणजे आवाजाची टोके दाबणारे साधन, काढून टाकावा. गायलेल्या आवाजाच्या दोन फायली द्याव्यात, एक पूर्ण कोरी आणि एक मूळ इफेक्टसह. सोबतच्या कागदावर बीपीएम, स्वरपट्टी आणि शब्द लिहावेत, आणि मुख्य सुरावटींच्या मिडी फायली (ध्वनी नव्हे, फक्त स्वरांची नोंद असलेल्या) जोडाव्यात.

साइडचेनबाबत, म्हणजे एका वाद्याने दुसऱ्याचा आवाज दाबण्याच्या जोडणीबाबत, विशेष दक्ष राहावे. पॅडचा आवाज प्रत्येक किकबरोबर दबत असेल, तर किक बंद करून पॅड एकटाच बाउन्स केल्यावर काही सॉफ्टवेअरमध्ये ते दबणे नाहीसे होते आणि पॅड सपाट भिंतीसारखा उभा राहतो. माझ्या एका गाण्याचे सगळे स्टेम असेच गेले होते, आणि समोरच्याने फार सौजन्याने विचारले की या गाण्यात पॅड इतका मोठा का ठेवला आहे. तेव्हापासून मी स्टेम पाठवण्याआधी ते सगळे एका रिकाम्या प्रोजेक्टमध्ये ओढून मूळ मिक्सशी ताडून पाहतो. दहा मिनिटांचे काम आहे.

आणखी एक अडचण परवान्याची. अनेक सॅम्पल पॅकच्या (तयार ध्वनींच्या संचांच्या) अटींनुसार त्यातील लूप, म्हणजे पुन्हापुन्हा वाजवायचा तुकडा, गाण्यात वापरता येतो, पण तो एकटा, सुटा करून दुसऱ्याला देता येत नाही. असा लूप इतर ताल-वाद्यांत मिसळून द्यावा किंवा वगळावा. चित्रपटातील संवादांचे तुकडे वापरण्याची या संगीतात जुनी प्रथा आहे. परवानगी घेतलेली नसेल तर तो तुकडा स्टेममध्ये मुळीच नसावा.

निमंत्रण आणि करार

आपल्यासारखेच संगीत करणारे पाच जण निवडले तर पाच वेळा तेच गाणे परत येते. एखादा ॲम्बियंट (शांत, वातावरणप्रधान संगीत) करणारा, एखादा टेक्नोवाला, एखादा केवळ ड्रोन (लांबवलेले स्वर) करणारा असे वेगळे हात निवडावेत. मित्र असला तरी एक पानी लेखी करार करावा. मानधन किती किंवा मोबदल्यात काय, तयार झालेल्या ध्वनिमुद्रणाची मालकी कोणाची, मूळ गीतकार-संगीतकाराचा हक्क अबाधित आहे का, श्रेय कसे छापायचे, मुदत कोणती आणि रीमिक्स न आवडल्यास तो नाकारता येतो का, एवढे त्यात यावे. शेवटचा मुद्दा लिहिताना संकोच वाटतो, पण तो नंतर तोंडी सांगताना जो संकोच वाटतो त्यापुढे हा काहीच नाही.

क्रम आणि मास्टरिंग

रीमिक्स आणि अकूस्टिक गाणी एकाआड एक लावावीत की दोन स्वतंत्र भाग करावेत, हे ऐकूनच ठरते. विनाइल काढायची असेल तर निर्णय आपोआप होतो. तबकडीच्या एका बाजूला साधारण २० मिनिटे नीट बसतात, आणि जोरकस खर्जाला खाच रुंद लागते. सहा-सहा मिनिटांचे तीन रीमिक्स एका बाजूला आणि अकूस्टिक गाणी दुसऱ्या बाजूला हाच मग सोयीचा मार्ग उरतो.

मास्टरिंगमध्ये, म्हणजे अल्बमच्या आवाजावरील शेवटच्या संस्कारात, दोन्ही भाग मीटरवर समान आणण्याचा प्रयत्न करू नये. लफ्स हे जाणवणाऱ्या मोठेपणाचे माप आहे; उणे ८ लफ्सचा रीमिक्स आणि उणे १६ लफ्सचे पियानोगीत एकाच अल्बमात राहू शकतात. स्पॉटिफाय उणे १४ लफ्स हा संदर्भ धरून पातळी जुळवते, परंतु अल्बम सलग ऐकताना गाण्यांमधील आपापसांतील फरक कायम ठेवते. गाणी एकामागोमाग ऐकताना आवाजातील उडी कानाला खटकते का, एवढेच पाहावे. रीमिक्सनंतर येणाऱ्या शांत गाण्याआधी दोन-तीन सेकंदांची निःशब्दता ठेवली की कान स्वतःहून खाली उतरतो.

वितरणासाठी फायली चढवताना प्रत्येक रीमिक्सला आणि प्रत्येक अकूस्टिक ध्वनिमुद्रणाला नवा, बारा चिन्हांचा आयएसआरसी क्रमांक (ध्वनिमुद्रणाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) द्यावा. गाणे तेच असले तरी ध्वनिमुद्रण नवे आहे, आणि जुनाच क्रमांक चिकटवला तर नव्या गाण्याची मोजणी जुन्या गाण्याच्या खात्यात जमा होण्याची शक्यता असते.