‘पेट्रिचोर’ नव्हे हो! पहिल्या पावसाचा शब्द वापरताना या चुका टाळा

मे सरत आला, एखादा वळीव कोसळला की मराठी स्टेटसवर एक इंग्रजी शब्द हमखास उगवतो. पेट्रिकॉर. कोरड्या, तापलेल्या जमिनीवर पाऊस पडल्यावर दरवळतो तो वास. शब्द गोड आहे, पण त्याचे हालही भरपूर होतात.

सुरुवात उच्चारापासून. स्पेलिंगच्या शेवटी सी-एच-ओ-आर दिसतं आणि आपण ‘पेट्रिचोर’ म्हणून मोकळे होतो. ऐकणाऱ्याला वाटावं, रात्री कुणीतरी गाडीतलं पेट्रोल काढून नेलं! इथल्या सीएचचा उच्चार ‘केमिस्ट्री’तल्यासारखा ‘क’ होतो आणि जोर पहिल्या ‘पे’वर पडतो. गंमत म्हणजे पेट्रोलशी नातं मात्र खरं आहे. ग्रीकमध्ये पेट्रा म्हणजे खडक, म्हणून पेट्रोलियम म्हणजे खडकातलं तेल. उरलेला तुकडा ‘इकॉर’चा. ग्रीक पुराणकथांत देवांच्या अंगात रक्ताऐवजी वाहतो तो द्रव.

इतकं काव्यमय नाव पाहून शब्द पुरातन असेल असं वाटतं. तसं नाही. इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या दोन रसायनशास्त्रज्ञांनी १९६४ साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकातल्या लेखात तो घडवला. कोरड्या हवेत राहिलेल्या खडकांतून त्यांनी वाफेच्या साहाय्याने पिवळसर तेल काढलं. वास त्यातच होता. कनौजचे अत्तरवाले हाच वास चंदनाच्या तेलात धरून ‘मिट्टी अत्तर’ बनवत आले आहेत, याची दखलही त्या लेखात आहे. म्हणजे नाव नवं, धंदा जुना.

सर्वांत मोठी चूक म्हणजे पावसाच्या कुठल्याही वासाला हा शब्द चिकटवणं. श्रावणात कोकणात आठवडाभर झड लागलेली, भिंतींना ओल आलेली, कपडे वाळत नाहीत, आणि फोटोखाली ‘पेट्रिकॉर’! तो कुबट वास, बाकी काही नाही. शंका आली की स्वतःला विचारा: जमीन आधी कोरडी होती का? कोरड्या दिवसांत वनस्पतींतली तेलं माती-दगडांवर साचत जातात. थेंब सच्छिद्र जमिनीवर आपटला की त्याच्याखाली हवेचे बारीक बुडबुडे अडकतात, ते वर येऊन फुटतात आणि गंध घेऊन तुषार उडतात. २०१५ साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी वेगवान कॅमेऱ्याने हे टिपलं. हलक्या किंवा मध्यम सरीत तुषार जास्त उडतात, मुसळधार पावसात कमी. म्हणून पहिल्या चार थेंबांत जे मिळतं ते अर्ध्या तासाच्या धो धो पावसात मिळत नाही.

काहीजण ‘जिओस्मिन’ हा त्याचाच पर्याय समजतात. जिओस्मिन हे एक विशिष्ट रसायन. मातीतले स्ट्रेप्टोमायसिस जिवाणू ते तयार करतात आणि आपलं नाक ते अत्यंत सूक्ष्म प्रमाणातही ओळखतं. बीटाला येणारी मातकट चव त्याचीच. पेट्रिकॉरमध्ये जिओस्मिनचा वाटा असतो, पण ती सगळी मैफल नव्हे. वादळाआधी, वीज कडाडताना येणारा तिखट वास ओझोनचा, तोही वेगळाच.

आता वाक्यातला वापर. ‘पेट्रिकॉरचा वास’ हे ‘पिवळा पीतांबर’ झालं. शब्दातच वास आहे. नुसतं ‘पेट्रिकॉर दरवळला’ म्हणा. ‘खिडकीत बसून पेट्रिकॉर ऐकतेय’ असंही एकदा वाचलं. ती पागोळ्यांची टपटप असावी बहुधा. आणि नोकरीच्या अर्जात, कार्यालयीन मेलमध्ये हा शब्द घुसवण्याचं कारण मला आजवर सापडलेलं नाही.

मराठीत लिहीत असाल तर ‘मृद्गंध’ आहेच. तिथेही घसरायला जागा आहे. मूळ शब्द मृद्, म्हणजे माती. ‘द’चा पाय मोडायचा आणि मग ‘गंध’ जोडायचा. घाईत ‘मृदुगंध’ टाइप झालं तर अर्थ होतो मंद, कोमल वास, आणि तो जाईजुईचाही असू शकतो.