पेन रिसर्चमध्ये नवीन आहात? या चुका टाळा

नवीन जॉइन झालेल्या मुलामुलींच्या पहिल्या रिपोर्टमध्ये हमखास असतं, "या ग्रुपच्या उंदरांची वेदना कमी झाली." अरे बाबांनो, टोचल्यावर किंवा चटका लागल्यावर उंदराने पंजा उशिरा मागे घेतला एवढंच तुम्ही बघितलंय. तो बऱ्याच अंशी मणक्यातला रिफ्लेक्स आहे, आणि औषधाने उंदीर नुसता सुस्तावला असला तरी आकडा असाच मस्त येतो. वेदनेवर काम करणाऱ्यांची जी आंतरराष्ट्रीय संघटना आहे, आयएएसपी, तिने 2020 मध्ये व्याख्या सुधारली तेव्हा सोबतच्या टिपणातही स्पष्ट लिहिलंय की नोसिसेप्शन (इजा करणारी गोष्ट नसांनी टिपणं) वेगळं आणि वेदना वेगळी. परीक्षेत हे सगळ्यांना पाठ असतं, ग्राफला नाव देताना कुणाला आठवत नाही. म्हणून रोटारॉडवर, म्हणजे फिरत्या दांड्यावर, उंदीर नीट चालतोय का ते बघा आणि पंजाच्या जोडीला अजून एखादं वागणं मोजा, घरटं बांधणं, चाकात धावणं, चेहऱ्यावरचे बदल, काहीही. सब्स्टन्स पी या वेदनेचा संदेश नेणाऱ्या रसायनाचा रिसेप्टर अडवणारी औषधं आठवा, प्राण्यांत जोरदार चालली, माणसांच्या दुखण्यावर आपटली, आणि त्यातलं अप्रेपिटंट 2003 मध्ये बाजारात आलं ते किमोच्या उलट्यांसाठी.

आता फॉन फ्रे टेस्ट, म्हणजे ठराविक जोराच्या बारीक तारांनी (फिलामेंट) पंजाला टोचून बघणं, सगळ्यात जास्त रडारड इथेच असते. सगळेच उंदीर सगळ्यात बारीक फिलामेंटलाच पंजा उचलतायत? औषध, मॉडेल यांना दोष देण्याआधी बघा की उंदरांना जाळीवर शांत व्हायला वेळ दिला होता का. डब्यात टाकलं आणि लगेच खालून टोचायला सुरुवात, असं केलं की तो उंदीर दुखण्याने नाही, घाबरून उडतो. फिलामेंट खालून सरळ टेकवा, जरासं वाकेपर्यंत दाबा, दोनेक सेकंद धरा, आणि तो अंग चाटत असेल किंवा चालत असेल तर ते रीडिंग धरूच नका. एकाच जागी पटापट टोचलं तर पंजा आधीच चिडलेला असतो, मधे थांबा. नायलॉनच्या फिलामेंटवर हवेतल्या दमटपणाचाही परिणाम होतो, त्यामुळे रूमचं टेम्परेचर, ह्युमिडिटी वहीत लिहा आणि फिलामेंट अधूनमधून वजनकाट्यावर दाबून तपासा.

महिनाभर छान चाललेला डेटा एकदम बदलला तर आधी विचारा, टेस्ट करणारा माणूस बदलला का. हसू नका, 2014 मध्ये वेदनेचे संशोधक जेफ्री मोगिल यांच्या टीमने दाखवलं की पुरुष जवळ असले किंवा पुरुषाने घातलेला टी-शर्ट नुसता शेजारी ठेवला तरी उंदरांना ताण येतो आणि वेदनेची प्रतिक्रिया दबते. म्हणजे टेस्टरचं नाव डेटा शीटमध्ये हवंच. टेस्टरला ग्रुप माहीत नसावा हेही आलंच. नर आणि मादी दोन्ही वापरा, आणि चार वेळा टोचलं म्हणजे चार उंदीर होत नाहीत, एन (नमुन्यांची संख्या) म्हणजे उंदीर!

माझ्या मते खरी गडबड गाईड लोकांची आहे. पीएचडीचं पोरगं पाच वर्षं लॅबमध्ये, पेशंट एकदाही बघितलेला नाही, आणि तिकडे क्लिनिकमधल्या रेसिडेंटला कंट्रोल ग्रुप (तुलनेसाठीचा गट) कशाला लागतो तेच माहीत नाही. दोघांची अदलाबदल करा, आठवड्यातून एक ओपीडी तरी.

आणि ओपीडीत बसल्यावर "दहापैकी किती दुखतंय?" एवढंच विचारून आकडा लिहू नका. आत्ता किती, गेल्या आठवड्यात साधारण किती, जास्तीत जास्त किती, बसून किती, चालताना किती, ही सगळी वेगळी उत्तरं आहेत आणि ट्रायलमध्ये एका व्हिजिटला एक आणि दुसऱ्या व्हिजिटला दुसरं विचारलं की सगळा डेटा पाण्यात. साधारण दोन पॉइंट किंवा 30 टक्के फरक पडला तर पेशंटलाही तो जाणवतो असं धरतात, त्यामुळे अर्ध्या पॉइंटच्या फरकाला पी व्हॅल्यू छान आली, म्हणजे आकडेवारीत फरक दिसला, म्हणून नाचू नका. झोप लागते का, कामावर जाता येतं का, हेही विचारा.

एमआरआय नॉर्मल म्हणजे दुखणं खोटं, ही सगळ्यात वाईट सवय. उलटंही तितकंच खरं, काहीही दुखत नसलेल्या 20 वर्षांच्या लोकांतही 37 टक्के जणांची मणक्यातली डिस्क झिजलेली दिसते, 80 वर्षांच्यांत तर 96 टक्के. तीन महिन्यांवर टिकलेल्या दुखण्याला आता आयसीडी-11 (डब्ल्यूएचओची आजारांची यादी) मध्ये स्वतःचा कोड आहे, एमजी30, आणि त्यात क्रॉनिक प्रायमरी पेन म्हणजे दुखणं हाच आजार असा वेगळा गट पण आहे. तेव्हा "तुमच्या मनाचे खेळ आहेत" असं पेशंटला बोलू नका, तो परत येत नाही, आणि आला तरी पुढच्या वेळी मुद्दाम जास्त आकडा सांगतो.

शेवटचं, पेशंट ट्रायलमध्ये येतो तोच दुखणं टिपेला असताना, त्यामुळे काही न करताही पुढच्या व्हिजिटला थोडं उतरतंच. कंट्रोल ग्रुपशिवाय "आमच्या थेरपीने फरक पडला" असं पोस्टर लावलंत तर पहिला प्रश्न यावरच येणार.