मिंट टाकून झालं, आता घरच्यांना वापरता येईल असं सेट करा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप पाहिजे, त्यामुळे चांगले चालणारे जुने लॅपटॉप अडकले. मग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून एसएसडी (वेगवान डिस्क) आणायची, विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट सिस्टीम टाकायची, मशीन परत पळायला लागतं. इथपर्यंत सगळे करतात. पुढे मात्र कोणी बघत नाही आणि थोड्या दिवसांनी आई-बाबा किंवा सोसायटीचे सेक्रेटरी काका म्हणतात, जुनंच बरं होतं रे. यात मिंटचा दोष नाही, इन्स्टॉल करताना आपण नेक्स्ट नेक्स्ट करत इंग्लिश यूएस तसंच ठेवतो आणि ते अमेरिकेतल्या माणसाच्या सोयीचं असतं. थीम आणि आयकॉन नंतर कधीही होतील, आधी हे करा. मी मिंटचा सिनॅमन डेस्कटॉप धरून सांगतोय.

सगळ्यात आधी टाइमशिफ्ट उघडून सिस्टीमच्या आत्ताच्या स्थितीची प्रत (स्नॅपशॉट) घ्या, म्हणजे काही बिघडलं तरी मागे येता येतं. अपडेट मॅनेजरमधून सगळे अपडेट, ड्रायव्हर मॅनेजर एकदा बघायचा, आणि फायरवॉल मुळात बंद असते ती चालू करायची. झालं.

आता सिस्टीम सेटिंग्जमध्ये लँग्वेजेस. तिथे रीजन इंडिया करा, भाषा इंग्लिश ठेवली तरी चालेल, आणि अप्लाय सिस्टीम-वाइड दाबून लॉगआउट करा. यूएस ठेवलं तर तारखेत महिना आधी येतो, म्हणजे ०३/०७ ला ३ जुलै समजायचं की ७ मार्च हे सोसायटीच्या नोटीशीत महागात पडतं. शिवाय कागद लेटर साइजचा धरला जातो, लेटर हा ए४ पेक्षा थोडा रुंद आणि बुटका, त्यामुळे प्रिंट एकतर सरकते नाहीतर प्रिंटर कागद बदला म्हणून अडून बसतो आणि बिचारा माणूस प्रिंटर खराब आहे समजून पेन ड्राइव्ह घेऊन झेरॉक्सवाल्याकडे जातो.

कीबोर्डच्या लेआउटमध्ये इंग्लिश (इंडिया, विथ रुपी) घ्या. उजवा ऑल्ट धरून ४ दाबलं की ₹ येतं, मेंटेनन्सची बिलं करणाऱ्याला रोजची गरज.

मराठी टायपिंग हा खरा मुद्दा, यावर वेळ घालवा. ज्यांनी सरकारी नोकरीत किंवा क्लासला इनस्क्रिप्ट हा सरकारी मराठी लेआउट शिकलाय त्यांना इनस्क्रिप्टच द्या, त्यांची बोटं बसलेली असतात. ज्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायची सवय आहे त्यांना आयबस (टायपिंगची भाषा बदलणारा प्रोग्रॅम) टाकून त्यात एम१७एन या लेआउटच्या संचातलं मराठी आयट्रान्स किंवा फोनेटिक द्या, म्हणजे इंग्रजी अक्षरं दाबली की मराठी उमटतं. भाषा बदलायचं बटण कोणतं ते त्यांच्यासमोर ठरवा आणि दहा वेळा दाबायला लावा.

आता लिब्रेऑफिस, म्हणजे मिंटमधलं वर्ड-एक्सेल, इथे बहुतेक जण चुकतात. टूल्स, ऑप्शन्स, त्यात भाषांचं पान, तिथे कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउटवर (सीटीएल, देवनागरीसारख्या लिप्यांसाठी) टिक करून भाषा मराठी निवडा. लिब्रेऑफिस देवनागरीचा फॉन्ट इंग्रजीच्या फॉन्टपेक्षा वेगळा धरतं, म्हणून वरून फॉन्ट बदलला आणि मराठी अक्षरं तशीच राहिली असं वाटतं. टिक केल्यावर रायटरच्या ऑप्शन्समध्ये सीटीएलचे बेसिक फॉन्ट असं वेगळं पान येतं, तिथे नोटो सान्स देवनागरी किंवा मुंबईच्याच 'एक टाइप' या संस्थेने केलेला मुक्ता लावा. आणि भाषा हिंदी नाही, मराठीच निवडा, कारण ज्या फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श वेगळे दिलेत तिथे ते भाषा बघूनच येतात. आपल्या ल ला आपलं वळण मिळालंच पाहिजे, यात मी तडजोड करत नाही. श्रीलिपीच्या युनिकोड नसलेल्या फॉन्टमधल्या जुन्या फाइली मात्र यानेही नीट दिसणार नाहीत, त्या युनिकोडमध्ये कन्व्हर्टच कराव्या लागतात.

डोळ्यांसाठी फॉन्ट सिलेक्शनमध्ये टेक्स्ट स्केलिंग १.२ च्या आसपास, १३६६ × ७६८ च्या स्क्रीनवर त्याच्या वर गेलं की डायलॉगची खालची बटणं बाहेर जातात. हात थरथरत असेल तर नेमो या फाइल मॅनेजरच्या प्रेफरन्समध्ये सिंगल क्लिकने फाइल उघडेल असं करा.

विंडोजही ठेवलं असेल तर एकीकडून दुसरीकडे गेल्यावर घड्याळ साडेपाच तास चुकतं, कारण लिनक्स हार्डवेअर घड्याळात यूटीसी (जागतिक वेळ) ठेवतं आणि विंडोज लोकल टाइम. टर्मिनलमध्ये timedatectl set-local-rtc 1 ही कमांड दिली की थांबतं.

मग जो वापरणार आहे त्याला बसवा, पाण्याच्या टँकरची नोटीस लिहून ए४ वर प्रिंट काढायला सांगा, तुम्ही माउसला हात लावू नका. जिथे तो अडेल ते सेटिंग अजून राहिलंय, ते त्याच्याकडूनच बदलून घ्या. प्रिंट नीट आली की टाइमशिफ्टचा अजून एक स्नॅपशॉट घ्या आणि त्याच्या कमेंटमध्ये "सगळं सेट" असं लिहून ठेवा, पुढच्या वेळी फोन आला की कुठे परतायचं ते लगेच सांगता येईल.