बडोद्यात पॉप-पंक बँडचा पहिला अल्बम कसा करावा

पहिला अल्बम करायचे ठरले की बँड सर्वांत आधी स्टुडिओचे तासाचे दर विचारत सुटतो. ती चौकशी दोन-तीन महिने पुढे ढकलावी असे माझे स्पष्ट मत आहे, कारण पॉप-पंकच्या, म्हणजे पंकच्या वेगात वाजणाऱ्या सोप्या चालींच्या, अल्बमचे बरेवाईट तालमीच्या खोलीतच ठरून गेलेले असते आणि स्टुडिओ ते फक्त उतरवून घेतो. या प्रकारातले पुढचे सगळे बँड ज्याच्याकडे वळून पाहतात, तो न्यूयॉर्कच्या रामोन्स या बँडचा १९७६ सालचा पहिला अल्बम सुमारे आठवडाभरात आणि ६,४०० डॉलरच्या आसपास खर्चात ध्वनिमुद्रित झाला. त्यातली १४ गाणी एकोणतीस मिनिटांत संपतात. हे जमले, याचे कारण ती गाणी आधीच क्लबांमधून रात्रीमागून रात्र वाजवून घासून निघाली होती आणि स्टुडिओत बसून ठरवण्यासारखे फारसे काही उरलेच नव्हते.

मी बडोद्यात अशा बँडांबरोबर बेस वाजवतो. आमच्या गावाची एक अडचण सुरुवातीलाच सांगितली पाहिजे, कारण तिचा परिणाम पुढच्या प्रत्येक निर्णयावर होतो. गुजरातेत राज्य स्थापन झाल्यापासून दारूबंदी आहे, त्यामुळे पुण्या-मुंबईच्या बँडांना पबमध्ये दर आठवड्याला वाजवून जो सराव आणि जे चार पैसे मिळतात ते इथे मिळत नाहीत. पण याची खंत करत बसण्याआधी हेही लक्षात घ्यावे, की कॅलिफोर्नियातल्या बर्कली शहरातले ९२४ गिल्मन स्ट्रीट हे ठिकाण, जिथे ग्रीन डे हा बँड घडला, तिथेही दारू मिळत नसे आणि सर्व वयाच्या श्रोत्यांना प्रवेश असे. शाळकरी मुलांसमोर वाजवलेली गाणी वेगळीच घडतात. फतेगंजातले एखादे कॅफे, महाविद्यालयाचा वार्षिक उत्सव, एखाद्या सोसायटीचे गणपतीचे मंडप, जिथे पहिल्या रांगेत कुणाची तरी आजी बसलेली असते, ही आपली गिल्मन समजावी आणि अल्बममध्ये घ्यायचे प्रत्येक गाणे अशा ठिकाणी किमान पाच वेळा वाजवलेले असावे.

गाणी किती आणि किती लांब

वीस गाणी लिहावीत आणि दहा ठेवावीत. बहुतेक वितरक (गाणी ऐकवणाऱ्या सेवांपर्यंत पोहोचवणाऱ्या कंपन्या) सात किंवा अधिक गाण्यांच्या संग्रहाला अल्बम मानतात, तेव्हा अडीच मिनिटांची दहा गाणी, म्हणजे पंचवीस मिनिटे, हा पहिल्या अल्बमसाठी भरपूर ऐवज आहे. गाळण्याची माझी पद्धत साधी आहे: गाणे मिनिटाला १६०, १७६ आणि १९२ ठोके अशा तीन लयींत मेट्रोनोमवर (ठरावीक लयीत ठोके देणाऱ्या यंत्रावर) वाजवून फोनवर मुद्रित करावे आणि दोन दिवसांनी ऐकावे. ज्या गाण्याचे शब्द तिन्हींपैकी एकाही लयीत सहज बसत नाहीत, ते गाणे कितीही लाडके असले तरी बाजूला ठेवावे. टेम्पो (लय) म्हटल्यावर आमच्या ड्रमरला सामान वाहणारी गाडीच आठवते, आणि तो तिच्याच वेगाने वाजवतो, अशी आमच्याकडे जुनी थट्टा आहे. पण तीन लयींची ही परीक्षा सुरू केल्यापासून तालमीतली निम्मी भांडणे मिटली.

ठरलेली लय, कडव्यांचा क्रम, कुठे चार मात्रा थांबायचे, कुठे गिटार तळव्याने दाबून वाजवायची, हे सर्व प्रत्येक गाण्यासाठी एका पानावर लिहून काढावे. ज्या गावात गायक मौलाबक्षांनी १८८६ साली संगीतशाळा सुरू केली आणि स्वतःची स्वरलिपी घडवून पाठ्यपुस्तके छापली, त्या गावातल्या बँडांनी ‘सगळे डोक्यात आहे’ असे म्हणू नये.

गंधार कुणाचा

पॉप-पंकची गिटार बहुतांशी पॉवर कॉर्डवर चालते, आणि ज्याने तंबोरा ऐकला आहे त्याला पॉवर कॉर्ड समजावून सांगावी लागत नाही, कारण ती म्हणजे षड्ज आणि पंचम एवढेच. गंधार का गाळतात, हे मात्र समजून घ्यावे. डिस्टॉर्शनमधून, म्हणजे गिटारचा आवाज खरखरीत करणाऱ्या यंत्रणेतून, दोन स्वर एकत्र गेले की त्यांच्या कंपनसंख्यांच्या फरकाचा आणखी एक स्वर उमटतो. षड्ज-पंचमाचे प्रमाण २:३ आहे, त्यामुळे फरकाचा तो स्वर खालच्या सप्तकातल्या षड्जावरच पडतो आणि आवाज भरदार होतो. गिटारच्या पडद्यांवरचा गंधार शुद्ध प्रमाणापेक्षा थोडा चढा असतो, म्हणून त्याचा फरक-स्वर बेसूर पडतो आणि सगळे गढूळ ऐकू येते. गिटारने गंधार सोडला की तो गायकाच्या वाट्याला येतो, आणि गाणे हसरे की उदास हे त्याच्या एका स्वरावर ठरते. म्हणून चाल बांधताना कोरसच्या पहिल्या किंवा दुसऱ्या शब्दावर गंधार येईल असे पाहावे. जी गाणी ‘एकसुरी’ वाटतात त्यांतल्या पुष्कळांत गायकही गिटारबरोबर सा आणि प यांच्यातच फिरत असतो.

मराठीत कोरस लिहिताना

कोणत्या भाषेत गावे हा वाद बडोद्यातल्या प्रत्येक मराठी बँडमध्ये होतो, कारण घरी मराठी, रस्त्यावर गुजराती, वर्गात इंग्रजी आणि प्रेमात पडल्यावर हिंदी अशी आमची वाटणी असते. मराठीत गायचे ठरल्यास एक तांत्रिक अडचण पहिल्याच दिवशी समोर येते. ‘घर’, ‘वाट’, ‘एकटेपण’ असे शब्द व्यंजनावर मिटतात, आणि कोरसचा शेवटचा स्वर तर दोन मात्रा तरी मोकळ्या तोंडाने धरायचा असतो. अभंगात हा अंत्य ‘अ’ खुशाल लांबवतात आणि तो कानाला गोडही लागतो. पण तीच युक्ती १८० च्या लयीत केली की कोरसचे भजन होते. तेव्हा ओळीचा शेवट ‘गेलो’, ‘राहिले’, ‘सांगू नको’, ‘पुन्हा’ अशा उघड्या स्वराने संपणाऱ्या शब्दांवर करावा. सुदैवाने मराठी वाक्य क्रियापदावर संपते आणि क्रियापदे बहुधा आ, ए, ओ यांवरच संपतात, म्हणजे सरळ, बोलल्यासारखे वाक्य लिहिणे हाच इथे उत्तम उपाय ठरतो. कडव्यात ओळी झरझर जातात, तिथे व्यंजनान्त शब्द उलट उपयोगी पडतात, कारण ते स्नेअरच्या (करकरीत आवाजाच्या छोट्या ड्रमच्या) ठोक्यासारखे तुटक लागतात.

घरातल्या मराठीत मिसळलेले गुजराती शब्द पुसून टाकू नयेत. महाराष्ट्रातला श्रोता त्यांवर अडखळेल हे खरे, पण तो त्याच ठिकाणी कान टवकारेल. अमेरिकन नाकातल्या उच्चारात मराठी गाणे मात्र कृपया टाळावे.

जागा, तालीम आणि नवरात्र

दांडिया बाजारातल्या जुन्या घरात ड्रम वाजवला की लाकडी तक्तपोशी तीन घरांपर्यंत आवाज पोहोचवते. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळात उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाहीत. ड्रमचा एक साधा ठोका ही मर्यादा लीलया ओलांडतो. मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत कुणाच्या काकांची शेड असेल तर सुट्टीच्या दिवशी ती मागून घ्यावी. पत्र्याचे छप्पर घुमते, त्यासाठी ड्रमच्या मागे आणि वर गोधड्या टांगाव्यात. कोपरे आधी बुजवावेत, कारण खालच्या पट्टीतला आवाज तिथेच साचतो.

पैशाचे म्हणाल तर आमच्याकडचे वादक नवरात्रीच्या नऊ रात्री गरब्याच्या मंचावर ऑक्टोपॅड आणि गिटार वाजवून जे कमावतात, त्यातूनच बहुतेक अल्बम उभे राहतात. मात्र दसऱ्यानंतर लगेच ध्वनिमुद्रणाला बसू नये. नऊ रात्री सहा मात्रांचा हींच हा ताल वाजवलेल्या हाताला सरळ आठ ठोके डुलते पडतात, आणि कानही थकलेले असतात. तीन आठवडे जाऊ द्यावेत.

ध्वनिमुद्रणाचे दिवस

पहिले दोन दिवस फक्त ड्रम आणि बेस घ्यावेत. ड्रमचे कातडे नवे चढवून एक दिवस वाजवून बसवलेले असावे. किकला (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमला) एक, स्नेअरला एक आणि वर दोन, असे चार मायक्रोफोन नीट लावले तर दहा लावून गोंधळ घालण्यापेक्षा निकाल चांगला येतो. वरचे दोन्ही स्नेअरपासून समान अंतरावर आहेत की नाही हे दोरीने मोजावे. मुद्रण २४ बिटमध्ये करावे आणि पातळी मोकळी ठेवावी. गिटारचा प्रत्येक भाग दोनदा वाजवून एक डावीकडे आणि एक उजवीकडे ठेवावा. इथे पहिलाच टेक (एका दमात घेतलेले मुद्रण) नक्कल करून दुसरीकडे ठेवण्याची लबाडी चालत नाही. दोन वेगवेगळ्या टेकमधल्या किरकोळ फरकामुळेच ती रुंद भिंत उभी राहते. डिस्टॉर्शन तालमीत असते त्याहून बरेच कमी ठेवावे, कारण दोन गिटार मिळून ते आपोआप वाढते. गायन रोज दोन तासांहून अधिक घेऊ नये.

प्रत्येक दिवसाच्या अखेरीस कच्च्या फाइली स्वतःच्या हार्ड डिस्कवर उतरवून घेतल्याशिवाय स्टुडिओतून निघू नये. आमच्या पहिल्या अल्बमच्या वेळी एका स्टुडिओने मिक्स केलेल्या एमपी३ तेवढ्या दिल्या आणि मूळ ट्रॅक संगणक बदलताना पुसले गेले. स्नेअर थोडा खाली आणावा एवढ्या साध्या दुरुस्तीसाठी आम्हाला चार गाणी नव्याने वाजवावी लागली.

मास्टरिंगबाबत, म्हणजे मिक्सवर फिरवायच्या शेवटच्या हाताबाबत, थोडक्यात: स्पॉटिफाय गाणी साधारण उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाच्या एककाच्या) पातळीवर आणून वाजवते, त्यामुळे आवाज दाबून दाबून मोठा केलेला अल्बम तिथे मोठा वाजत नाही, फक्त दमलेला वाजतो.

कागद

गाणे ज्या दिवशी पुरे होईल त्याच दिवशी शब्द कुणाचे, चाल कुणाची आणि वाटा किती, हे लिहून सर्वांनी सह्या कराव्यात. मित्र असताना हे विचित्र वाटते, आणि मित्र असतानाच ते होऊ शकते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याखाली ध्वनिमुद्रणाचा हक्क ते घडवून आणणाऱ्या निर्मात्याकडे असतो, तेव्हा निर्माता बँड आहे आणि स्टुडिओने फक्त मोबदला घेऊन काम केले आहे, असे एक पत्र घ्यावे. नोंदणी सक्तीची नाही. दुसऱ्याचे गाणे आपल्या पद्धतीने वाजवून अल्बममध्ये घेण्याचा मोह टाळावा. त्याचा वैधानिक परवाना मूळ ध्वनिमुद्रणाच्या वर्षानंतर पाच वर्षांनी मिळतो आणि वर्षाला किमान ५०,००० प्रतींचे मानधन मोजावे लागते. वितरक प्रत्येक गाण्याला बारा अक्षर-अंकांचा आयएसआरसी हा ओळख-क्रमांक देतो. तो जपून ठेवावा. नावाचाही शोध घ्यावा. ब्लिंक नावाचा आयरिश बँड आधीच अस्तित्वात असल्यामुळे कॅलिफोर्नियाच्या ब्लिंकला पहिल्या अल्बमनंतर नावापुढे १८२ जोडावे लागले.

प्रकाशन आणि त्यानंतर

दिवाळीनंतर आणि उत्तरायणाच्या (संक्रांतीच्या पतंगोत्सवाच्या) आधी, डिसेंबरात, परदेशी गेलेले बडोदेकर घरी आलेले असतात, तेव्हा अल्बम काढावा. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणे पाठवायचे तर ते प्रकाशनाच्या किमान सात दिवस आधी पाठवावे लागते. मी चार आठवडे हाताशी ठेवतो. पैशाची आशा धरू नये: तिथे एखाद्या गाण्याला बारा महिन्यांत १,००० ऐकणी झाल्याशिवाय मानधनच सुरू होत नाही.

पहिल्या महिन्यातल्या आकड्यांवरून निवाडा करणेही चुकीचे. रामोन्सचा तो अल्बम अमेरिकेच्या अल्बमांच्या खपाच्या यादीत १११ व्या क्रमांकापलीकडे गेला नाही आणि त्याला सुवर्ण प्रमाणपत्र २०१४ साली, अडतीस वर्षांनी मिळाले. पॅरामोर या बँडचा २००५ सालचा पहिला अल्बम मुख्य यादीत शिरलाही नव्हता. उलट बाजूही माहीत असावी: ग्रीन डेने मोठ्या कंपनीशी करार केला तेव्हा गिल्मनने त्यांना दार बंद केले. आपल्याकडे असे दार बंद होत नाही, पण ‘आता तुम्ही स्वच्छ वाजवायला लागलात’ असे एखादा जुना श्रोता हमखास ऐकवतो, आणि त्याचे म्हणणे प्रशंसेच्या शंभर निरोपांपेक्षा काळजीपूर्वक वहीत लिहून ठेवावे, कारण त्याने ती गाणी आधी ऐकलेली असतात.

मित्रांच्या अभिप्रायाला माझ्या लेखी फारशी किंमत नाही, तो ठरलेलाच असतो. खरी चाचणी उत्तरायणाला होते. १४ जानेवारीला लोकांना हवी ती गाणी लावू द्यावीत. १५ तारखेच्या वासी उत्तरायणाला, दुपारी तीनच्या सुमारास, आपल्या गच्चीवरच्या स्पीकरवर अल्बम पहिल्यापासून सुरू करावा आणि आपण मात्र दोन घरे सोडून तिसऱ्या गच्चीवर फिरकी धरायला जावे. तिथे कुणाला ठाऊक नसते की हे तुमचे आहे. कोणत्या गाण्याला पोरे मान हलवतात, कोणत्या गाण्यावर कुणी ओरडून ‘बदला रे ते’ म्हणतो, आणि ते गाणे सुरू होऊन किती सेकंद झाले होते, हे घड्याळात पाहून ठेवावे. आमच्या वेळी ते सातवे गाणे होते, चाळिसाव्या सेकंदाला.