हिवाळ्यासाठी मधपेट्यांची तयारी: आधी कोळी, मग साठा, शेवटी ओल

कडाक्याच्या थंडीत मेलिफेरा (पेटीत पाळल्या जाणाऱ्या युरोपीय) मधमाश्यांची वसाहत दगावली की दोष थंडीला दिला जातो. पेटी उघडून पाहिली तर बहुतेक वेळा व्हरोआ कोळी (माशीच्या अंगावर जगणारा बारीक परजीवी, इंग्रजीत माइट), उपासमार किंवा ओल यांपैकी एक कारण सापडते. तिन्हींचा बंदोबस्त थंडी पडण्याआधीच करावा लागतो, आणि त्यातही कोळ्याचे काम सगळ्यात घाईचे.

उन्हाळ्यातली कामकरी माशी पाच-सहा आठवडे जगते. हिवाळ्याच्या तोंडावर जन्मलेल्या माशीला मात्र चार ते सहा महिने तग धरायचा असतो आणि वसंतातला पहिला पिलावाही (अंडी, अळ्या आणि कोश) तिलाच पोसायचा असतो. त्यासाठी लागणारी प्रथिने आणि चरबी ती अंगात साठवते. व्हरोआ नेमका याच साठ्यावर जगतो. थंडी सुरू झाल्यावर कोळी मारले तरी कमजोर जन्मलेली माशी पुन्हा सशक्त होत नाही, म्हणून उपचार पिलावा थांबण्याच्या निदान सहा ते आठ आठवडे आधी उरकावा.

उपचाराआधी कोळी मोजा. पिलाव्याच्या चौकटीवर (पोळे बांधलेली लाकडी फ्रेम) राणी नाही याची खात्री करून सुमारे ३०० माश्या (मापाने ११०-१२० मिली) जाळीचे झाकण असलेल्या बरणीत घ्या. दोन मोठे चमचे पिठीसाखर टाकून बरणी मिनिटभर हलक्या हाताने फिरवा आणि दोन मिनिटे तशीच ठेवा. मग ती उपडी करून पांढऱ्या ताटलीतल्या पाण्यावर जोरात झटका. साखर विरघळते आणि तांबूस, चपटे कोळी पाण्यात स्पष्ट दिसतात. माश्या जिवंत राहतात, त्या पेटीत परत सोडा. ३०० माश्यांमागे ९ कोळी म्हणजे ३ टक्के. एवढे दिसले तर एक दिवसही थांबू नका.

औषध तापमान पाहून निवडा. थायमॉल साधारण १५ अंश सेल्सिअसच्या खाली नीट काम करत नाही. फॉर्मिक आम्ल २९ अंशांच्या वर वापरले तर राणी आणि पिलावा दोन्ही धोक्यात येतात. ऑक्झॅलिक आम्ल मेणाने झाकलेल्या पिलाव्यातल्या कोळ्यापर्यंत पोहोचत नाही. ते पिलावा नसतानाच खरे उपयोगी पडते. मधकोठी (मध साठवण्याचा वरचा कप्पा) आधी काढून घ्या, मात्रा वेष्टनावर लिहिलेलीच ठेवा, आम्ल हाताळताना हातमोजे आणि चष्मा वापरा. उपचार संपल्यावर पुन्हा मोजणी करा, कारण औषध दिले म्हणजे कोळी गेले असे नसते.

साठा अंदाजाने ठरवू नका. पेटी मागच्या बाजूने किंचित उचलून ताणकाट्याने वजन पाहा. दोन्ही बाजूंनी मेणाने बंद झालेल्या मोठ्या चौकटीत अडीच ते तीन किलो मध असतो. सौम्य हिवाळ्यात १५ ते २० किलो पुरतो, लांब आणि बर्फाळ हिवाळ्यात ३० किलो किंवा त्याहून जास्त लागतो. कमी पडेल तेवढा पाक द्या: १ लिटर पाणी गरम करून आचेवरून उतरवा आणि त्यात २ किलो पांढरी साखर विरघळवा. साखर घातल्यावर उकळू नका. करपलेली साखर, गूळ, काकवी यांनी माश्यांना हगवण लागते, आणि थंडीत बाहेर उडता येत नसल्याने त्या पेटीतच घाण करतात. दुसरीकडून आणलेला मधही नको. त्यातून फाउलब्रूड या पिलावा कुजवणाऱ्या जिवाणूजन्य रोगाचे बीजाणू येऊ शकतात. पाक संध्याकाळी, पेटीच्या आत ठेवा. बाहेर सांडलेले चार थेंबही दुसऱ्या पेट्यांतल्या माश्यांची लूटमार सुरू करायला पुरेसे असतात. दिवसाचे तापमान १० अंशांखाली जाण्यापूर्वी पाक देणे संपवा, नाहीतर त्यातले पाणी आटत नाही आणि तो आंबतो.

चौकटींची मांडणीही तितकीच महत्त्वाची. तापमान १४ अंशांच्या आसपास उतरले की माश्या गोळा करून बसतात. कडक थंडीत हा गोळा बाजूला सरकू शकत नाही. रिकाम्या घरांत डोकी खुपसून मेलेल्या माश्या आणि दोनच चौकटी पलीकडे बंद मध, असे दृश्य मांडणी चुकल्याचे लक्षण आहे. पिलावा मध्यभागी खाली, मध दोन्ही बाजूंना आणि वर असावा. मधल्या रिकाम्या चौकटी काढा. राणीरोधक जाळी (जिच्यातून कामकरी जातात, राणी जाऊ शकत नाही) काढायला विसरू नका. ती राहिली तर गोळा मधाकडे वर चढतो आणि राणी खालीच गारठते.

चार-पाच चौकटींपेक्षा कमी माश्या असलेली वसाहत एकटी क्वचितच तगते. ती रोगमुक्त असेल तर तिची राणी काढून, मध्ये वर्तमानपत्राचा कागद घालून सशक्त वसाहतीवर ठेवा. रोगट असेल तर मुळीच जोडू नका.

आता ओल. माश्या मध खातात तेव्हा पाण्याची वाफ तयार होते. झाकण गार असेल तर तिचे थेंब बनून गोळ्यावर टपकतात. कोरडी माशी बरीच थंडी सोसते, भिजलेली सोसत नाही. म्हणून झाकणाखाली उष्णतारोधक थर द्या, वरच्या बाजूला सुमारे १ सेंटीमीटरचे एक भोक ठेवा आणि पेटी पुढे किंचित उतरती करा. प्रवेशद्वाराची उंची ८ मिलिमीटरपेक्षा जास्त नको, म्हणजे उंदीर शिरत नाहीत.

त्यानंतर पेटी उघडू नका. मेलेल्या माश्यांनी किंवा बर्फाने दार बुजले तर वाकड्या तारेने मोकळे करा. दर दोन-तीन आठवड्यांनी वजन पाहा. पेटी हलकी लागली तर ऊबदार दुपारी झाकण क्षणभर उचलून गोळ्याच्या अगदी वर कोरडी साखर कागदावर पसरा. त्या थंडीत पातळ पाक देऊ नका.